भाऊंचं आवर्तन

रविवार, २० जानेवारी १९७४. तुरीला तेल-पाणी लावून ती माळवदावर पसरली आहे. पाखरांवर नजर ठेवायला कुणीतरी बसायला हवं म्हणून मी बसले आहे, आणि हात रिकामे राहायला नकोत म्हणून लिहायला घेतलं आहे. पुण्याहून कार्ड आलं आहे. मनोहरभाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणींचा अंक निघणार आहे, तेव्हा 'भाऊंच्या प्रेरणादायी सहवासाविषयी' मी दोन पानं लिहावीत अशी विनंती आहे. सहवास होता हे खरं. प्रेरणेचं मला सांगता येणार नाही. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण आहे. आमच्याकडे प्रेरणा साहेबांबरोबर तपासणीला येते आणि साहेबांबरोबरच परत जाते.

खरं आहे तेच लिहिते. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, कालव्याच्या अगदी टेलचं. टेल म्हणजे शेपूट. कालव्याला पाणी सुटलं की आधी वरची गावं पितात, मग त्यांचे ऊस पितात, आणि उरलं तर आमच्या चारीत, म्हणजे गावाकडे येणाऱ्या पाटात, ओघळ येतो. पण त्या ओघळावर गाव जगतं, कारण गावाची पिण्याची विहीर चारीला लागून आहे. चारी वाहिली की विहिरीला पाझर लागतो. चारी कोरडी राहिली की विहिरीत दोर टाकायचा आणि चिखल वर काढायचा. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी, म्हणजे बहात्तर साली, पाऊस पडलाच नव्हता. दिवाळी झाली तेव्हाच विहिरीचा तळ दिसायला लागला होता. माघापर्यंत चारीला एकदा तरी पाणी आलं तर उन्हाळा निघेल, नाही आलं तर गाव उठेल, हे लहान पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

अशा वेळी मनोहरभाऊ आमच्या गावात शिकलेल्या मुलांना गावात मिसळायला शिकवण्याचं केंद्र घेऊन आले.

उंच माणूस, ताठ पाठ, पांढराशुभ्र खादीचा सदरा. तो सदरा ते स्वतःच्या हातानं धूत, आणि हे ते सांगतही. गावात प्यायच्या पाण्याला बायका पहाटे रांग लावत होत्या आणि भाऊंच्या सदऱ्याला नीळ होती. पुण्यात कुठल्याशा कॉलेजात ते शिकवत असत. ते सोडलं, कारण त्यांच्या मते शहरात शिकलेला मुलगा नोकरीला म्हणून खेड्यात येतो आणि पाव्हण्यासारखा राहून निघून जातो. त्याला गावानं आपलं मानावं, त्यानं गावाला आपलं मानावं, आणि त्यासाठी दोघांनी मिळून गावाचा अभ्यास करावा, मिळून पुढारीपण करावं. ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. त्यांच्याबरोबर चारपाच पदवीधर मुलं-मुली आली. त्यांतली बहुतेक पुढे उन्हाच्या आधीच पळाली, तेव्हा त्यांची नावं लिहीत नाही. एक टिकली, सुमन. समाजशास्त्रात एम.ए., अंगानं काडी, बोलणं तुटक. तिला शाळेच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं, म्हणजे ती माझ्या गळ्यात होती.

भाऊंचं पहिलं तत्त्व असं की केंद्रात कुणी प्रमुख नाही. "इथे प्रमुख कोण?" असं तलाठ्यानं पहिल्या दिवशी विचारलं तर भाऊ हसले आणि म्हणाले, "सगळेच." तलाठ्यानं मग मला बाजूला घेऊन विचारलं की सही कुणाची घ्यायची. मी म्हटलं, हसला त्याची.

बैठकीत ते कधी पुढे बसत नसत. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, जमिनीवर. त्यामुळे बोलणारा प्रत्येक जण मान वळवून मागे बघत बोले, आणि थोड्याच दिवसांत लोक सरळ मागेच तोंड करून बसायला लागले. पुढची भिंत मोकळी राही. भाऊ म्हणत, "मी काही सांगत नाही. मी फक्त विचारतो." हे खरं होतं. ते विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" एकानं काही सांगितलं की मान हलवून दुसऱ्याला विचारत, मग तिसऱ्याला. भाऊंच्या मनातलं उत्तर कुणाच्यातरी तोंडून निघेपर्यंत विचारणं चाले. ते निघालं की ते म्हणत, "बघा, तुम्हीच ठरवलंत." मला वर्गातल्या पोरांना उत्तर काढायला लावायचं काम रोज असतं, तेव्हा ही युक्ती मी ओळखली. फक्त मी पोरांना, हे तुम्हीच ठरवलंत, असं सांगत नाही.

गोल हा त्यांचा दुसरा छंद. चार माणसं कुठं रांगेत दिसली की भाऊ त्यांना गोल बसवत. गोलाला टोक नसतं म्हणून त्यात कुणी मोठा-लहान नसतो म्हणे. पिठाच्या गिरणीपुढे त्यांनी दळणाची रांग मोडून गोल केला, तेव्हा नंबर कुणाचा यावरून दोन घरांत जी जुंपली ती संक्रांतीपर्यंत मिटली नाही. एकदा माझ्या वर्गात आले आणि पोरांना गोल बसवून गेले. अर्ध्या पोरांची पाठ फळ्याकडे झाली. मी ते गेल्यावर पोरांना परत रांगेत बसवलं आणि पाढे घेतले.

केंद्रातल्या मुलांनी गावात मिसळावं म्हणून भाऊंनी त्यांना घरोघर जेवायला लावलं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. याला ते समरसता म्हणत. गेनूतात्या म्हणून आमच्याकडे एक म्हातारे शेतकरी आहेत, दात नाहीत पण जीभ शाबूत आहे. ते पारावर म्हणाले, "पूर्वी बामनाची पोरं वार लावून जेवायची, शिकायला मिळावं म्हनून. आता शिकून झाल्यावं लावत्यात." लोक हसले, पण हसून झाल्यावर पोरांना जेवायला वाढत राहिले, कारण दारी आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. घरातली बाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येई, मुठीनं पीठ मोजून भाकऱ्या थापी, आणि त्यांतली एक एम.ए.च्या ताटात जाई.

सुमननं हे दुसऱ्याच आठवड्यात बंद केलं. शेजारची रखमा स्वतः जेवली नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं माझ्याकडून तवा मागून घेतला आणि खोलीत चूल मांडली. भाऊंनी तिला गोलात बसवून विचारलं की यामागे अहंकार तर नाही ना. ती म्हणाली, असेल, पण भाकरी तिची आहे. त्या दिवशी मला ती पोरगी जरा आवडली. तिच्या भाकऱ्या मात्र वाईट होत्या.

आता मिसळण्याबद्दल माझं मत सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. गावाशी गोड बोलता आलं म्हणजे माणूस गावात मिसळला असं नाही. पाव्हण्याशी सगळेच गोड बोलतात. पौषात विहिरीवर रखमानं सुमनची बादली मागे सारली आणि म्हणाली, "तू का कलेक्टरची लेक हायेस, मधीच घुसतीस?" सुमननंही बादली परत पुढे ओढली आणि सांगितलं की पहाटेपासून ती उभी आहे, रखमा आत्ता आली. दोघी चांगल्या कडाकडा भांडल्या. मी शाळेच्या ओट्यावरून ऐकलं आणि समजले की पोरगी आता गावाची झाली. भाऊंशी मात्र गावातलं कुणी भांडलं नाही, शेवटपर्यंत.

पण मी पुढे गेले. आधी आवर्तनाची गोष्ट सांगायला हवी, ती भाऊंच्या सगळ्या गोष्टींची राणी आहे.

केंद्राचं पुढारीपण दर आठवड्याला बदलायचं, एकदा शिकलेल्याकडे, एकदा गावकऱ्याकडे, असं ठरलं. यात नवं काही नव्हतं. आमच्याकडे पाण्याची पाळी असते, राखणीची पाळी असते, तशी ही पुढारीपणाची पाळी. रखमानं बैठकीत सरळ विचारलंही, "मग माजी पाळी कव्हा?" भाऊंचे कान लाल झाले. पुण्यात त्या शब्दाचा बायकांच्या तोंडी वेगळा अर्थ होतो, तोच त्यांच्या डोक्यात बसलेला. चारचौघांत तो शब्द त्यांना उच्चारवेना. त्यांनी रात्रभर विचार करून दुसरा शुद्ध शब्द काढला, आणि शनिवारी चावडीच्या भिंतीवर गेरूनं लिहून घेतलं: 'सोमवारपासून आवर्तन सुरू. सर्वांनी तयारी करावी.'

कालव्याखालच्या गावात आवर्तन म्हणजे काय हे सांगायला नको. कालव्याला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात. दुसरा अर्थ आमच्याकडे नाही.

ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचलं, बाकीच्यांना सांगितलं. रविवारी खडीच्या कामाला सुट्टी होती. उजाडायच्या आत सगळं गाव फावडी, घमेली, खुरपी घेऊन चारीवर. वर्षभराचा गाळ, बाभळीची झुडपं, ढासळलेली माती, सगळं उपसून काढलं. म्हातारी माणसंसुद्धा घमेली सरकवत होती. मीही होते, कारण विहीर मलाही लागते. दुपारी भाऊंची जीप कर्जतहून आली. चारीच्या कडेला थांबली. भाऊ उतरले, बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांना चटकन येत असे. म्हणाले, "कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही, आणि गाव आपणहून उठलं." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि थोडा वेळ फावडंही चालवलं. लोकांना वाटलं, भाऊंनीच कालव्याच्या साहेबांकडून पाणी सोडवून आणलं. एका बाईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, माझं यात काही नाही. लोकांना तो विनय वाटला.

सोमवारी बैठकीला कुणी गेलं नाही. सगळे चारीच्या काठावर बसले होते, वरच्या बाजूला डोळे लावून. भाऊ शोधत तिथं आले. गेनूतात्यांनी उठून रामराम केला आणि विचारलं, "भाऊ, पानी किती वाजता सुटतंय?"

भाऊ म्हणाले, "कसलं पाणी?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. नेतृत्व कसं फिरतं राहिलं पाहिजे, एका जागी साचलं की ते कसं कुजतं, ते पाण्यासारखं शेवटच्या माणसापर्यंत कसं पोचलं पाहिजे. बराच वेळ सांगितलं. उपमा चांगली होती, फक्त जागा चुकली होती. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पानी न्हाई."

"नाही. पण तात्या..."

तात्या लोकांकडे वळले. "चला रं. पानी न्हाई, नुस्तं आवर्तन हाय."

तेव्हापासून आमच्या गावात कुणी पोकळ वायदा केला की त्याला आवर्तन म्हणतात. गेल्या महिन्यात एकाच्या लेकीला बघायला पाव्हणे आले आणि पसंती कळवतो म्हणून गेले, तर बाप म्हणाला, आवर्तन देऊन गेले. केंद्राच्या अहवालात मात्र त्या रविवारची नोंद लोकांनी उत्स्फूर्तपणे केलेलं श्रमदान अशी गेली. सुमननं ती खोडायला सांगितलं तर भाऊंनी तिला विचारलं, लोक स्वतःहून आले नव्हते का? आले होते. मग? असा माणूस. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे निसरड्या दगडावर कपडे आपटणं.

चारी साफ झाली होती, हेही लिहायला हवं.

आणि पाळी ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पहिला आठवडा तात्यांचा. त्यांनी पहिल्याच दिवशी ठराव मांडला की केंद्राच्या जीपनं रोज लांबच्या विहिरीवरून पाण्याची टिपाडं आणावीत. सगळ्यांनी हात वर केले. भाऊंनीही केला. मग म्हणाले की जीप ही तांत्रिक बाब आहे, तिचा निर्णय आठवड्याच्या पुढाऱ्याकडे येत नाही. किल्ली त्यांच्या कनवटीला होती. जीप दिली होती अण्णासाहेबांनी. अण्णासाहेब म्हणजे कालव्यावर आमच्या वरच्या अंगाचे मोठे बागायतदार. केंद्राचा पत्र्याचा निवाराही त्यांनीच घालून दिलेला. तात्या बाहेर येऊन म्हणाले, "फुडारपन समद्यांचं, किल्ली भाऊंची." पुढच्या आठवड्याला त्यांनी आपलं पुढारीपण दुसऱ्याला देऊन टाकलं आणि शेरडांमागे गेले.

यानंतर गावानं मिळून अभ्यास करायचा विषय निघाला. भाऊंना 'गावातील निर्णयप्रक्रिया' असा विषय हवा होता. गाव म्हणालं, पाणी. बरंच विचारून झाल्यावरही गाव पाणीच म्हणत राहिलं, तेव्हा भाऊंनी त्याला 'पाण्याविषयीची निर्णयप्रक्रिया' असं नाव दिलं. सुमन, रखमा आणि गेनूतात्या अशी तिघं चारीच्या काठानं वर चालत गेली. आमची चारी कालव्याला जिथं फुटते तिथलं लोखंडी दार त्यांनी पाहिलं. दारात गोणपाटं कोंबलेली होती, त्यावर दगड. त्याच्या वर थोड्या अंतरावर कालव्यात एक जाड नळ उतरला होता आणि बांधाखालून अण्णासाहेबांच्या उसात गेला होता. दुष्काळाच्या वर्षी तेवढाच एक पट्टा हिरवा होता.

याचा शोध लावला असं म्हणायला लाज वाटते. माझ्या दुसरीतल्या पोरांना ते माहीत होतं. बैठकीत सुमननं काय पाहिलं ते सांगितलं, फक्त रान कुणाचं ते सांगितलं नाही. तिला वाटलं गावानं सांगावं. सगळे जमिनीवर काड्यांनी रेघा ओढत होते. मी तात्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत नाही का. तात्या म्हणाले, "बाई, ठावं समद्यांना हाय. बोलायचं कुनी, ह्येचा सोध चाललाय."

तेव्हा सुमन बोलली. अण्णासाहेबांचं नाव तिनं चढ्या आवाजात नाही, हजेरी घेतल्यासारखं घेतलं. भाऊ मागे भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, निष्कर्ष घाईचा आहे. मग त्यांनी एकेकाला काय वाटतं ते विचारायला सुरुवात केली. त्यांना हवं होतं ते उत्तर त्या दिवशी कुणाच्याच तोंडून निघेना, आणि त्यांना कोणतं हवं होतं हेही कळेना. अंधार पडला म्हणून बैठक उठली.

माघात कालव्याला खरंच पाणी सुटणार असल्याचं पाटकरी सांगून गेला. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा सरकारी माणूस. हंगामातलं हे शेवटचं. त्या आठवड्याचं पुढारीपण सुमनकडे होतं. भाऊ नेमके जीप घेऊन पुण्याला गेले, लोकसहभाग या विषयावर व्याख्यान द्यायला. मी त्यांना म्हटलं होतं की चार दिवसांनी जा. ते म्हणाले, "मी असलो काय, नसलो काय, बाई. इथे प्रमुख कोण आहे?"

ते नव्हते ते बरं झालं. असते तर दारावर गोल केला असता. सुमननं विहिरीवर बायकांना एवढंच सांगितलं की ती दारावर जाऊन बसणार आहे, पाणी टेलला पोचेपर्यंत उठणार नाही, यायचं त्यांनी यावं. रखमा म्हणाली, "यकलीनं बसून काय व्हतंय? पाळ्या लावू." आणि पाळ्या लागल्या. लेकुरवाळ्या दिवसा, म्हाताऱ्या दुपारी, गडीमाणसं रात्री. गोणपाटं रखमानं ओढून काढली. सुमन आधी वाकली होती, पण तिला ताकद पुरेना. अण्णासाहेबांचे गडी आले, बायका बसलेल्या बघून लांबूनच परत गेले. बाईमाणसाला हात कोण लावणार? पाणी चारीत शिरलं. चारी साफ होती म्हणून अडलं नाही. विहिरीला पाझर लागला तो वास आधी आला, ओल्या चुन्यासारखा.

भाऊ परतले त्याच दिवशी अण्णासाहेबही गावात आले. शाळेच्या अंगणात गाव जमलं. अण्णासाहेब खुर्चीवर बसले. ती माझीच खुर्ची होती, वर्गातून आणलेली. ते रागावलेले दिसत नव्हते. म्हणाले, पाणी गावाचं आहे, गावानं घेतलं, त्यांना काही बोलायचं नाही. फक्त एक विचारायचं आहे.

"बायका आणून दारावर बसवायची अक्कल कुणाची?"

सगळ्यांना कळलं की ज्याचं नाव निघेल त्याचं काही खरं नाही. सुमन माझ्याशेजारी होती. ती उठायला लागली. तेवढ्यात मागून भाऊ आले. लोकांच्या मधून वाट काढत, पायांवर पाय देत, पुढे. त्यांना पुढे उभं राहिलेलं गावानं तोवर पाहिलं नव्हतं. पाठमोरे ते जरा ओळखूच येईनात.

"माझी," ते म्हणाले. "इथला प्रमुख मी आहे. मुलीनं मी सांगितलं तेवढंच केलं."

अण्णासाहेबांनी हात पुढे केला. "किल्ली."

भाऊंनी कनवटीची किल्ली काढून दिली. पत्रे दुसऱ्या दिवशी उतरवायला माणसं येतील, असं अण्णासाहेबांनी सांगितलं आणि चहा न घेता गेले.

आता इथे 'भाऊंचं धैर्य' असा मथळा घालावा असं कार्ड पाठवणाऱ्यांना वाटेल. त्यांनी आधी पुढचं वाचावं. संध्याकाळी सुमन माझ्या ओट्यावर भाऊंसमोर उभी राहिली.

"दारावर मी बसले. बायका माझ्याबरोबर बसल्या. तुम्ही पुण्यात होतात. मग ते तुमचं कसं झालं, भाऊ?"

भाऊ सदऱ्याच्या बाहीचं बटण लावत होते. ते लागेना. "तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

ती त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. मी या प्रश्नावर वर्षभर विचार करते आहे, भाकरी करताना, पोरांच्या पाट्या तपासताना. नाव भाऊंचं लागलं, म्हणून अण्णासाहेबांनी भाऊंचं जे होतं ते काढून घेतलं आणि बाकीच्यांना हात लावला नाही. सुमनला गावातून कुणी हलवलं नाही. जूनपासून आमच्याकडे आठवीचा वर्ग निघाला, त्यावर ती शिकवते आहे. हे भाऊंना आधीच दिसलं होतं का? असेल. किंवा आयुष्यभर प्रमुख नाही, प्रमुख नाही म्हणणाऱ्या माणसाला, त्याच्या पाठीमागे दुसरंच कुणी प्रमुख झालेलं सहन झालं नाही. तेही असेल. सुमन म्हणते दुसरं. तात्या म्हणतात, पहिलं. मला वाटतं, भाऊंना विचारलं तर त्यांनाही सांगता येणार नाही, म्हणून ते दुसऱ्यांना विचारत असतील.

ते त्या शनिवारी गेले, एस.टी.नं. पोचवायला फार कोणी नव्हतं. लोक चारीवर आणि शेरडांमागे होते. गेनूतात्या आणि मी थांब्यावर होतो. भाऊंची ट्रंक होती, वळकटी होती. ती त्यांनी स्वतःच टपावर चढवली, शिडीवरून, एका हातानं धोतर सावरत. सदऱ्याला त्या दिवशी नीळ नव्हती. टपावर सामान बांधून झालं तरी ते खाली उतरेनात. वर उभे राहून चारीच्या दिशेला बघत होते. तिथून पाण्याची रेघ दिसते, मला माहीत आहे. पाणी आल्यापासून सगळं गाव, पोरंबाळं, आंधळी म्हातारी सीताबाईसुद्धा हात घालून आली होती. हा माणूस तेव्हापासून एकदाही चारीवर गेला नव्हता.

कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, तिथंच बसून येता का?"

भाऊ उतरले. तात्यांना विचारलं, "कुठपर्यंत गेलं हो पाणी?"

"इहिरीच्या फुडं गेलं की. पार मांगवाड्यापस्तोर."

भाऊंनी मान हलवली आणि आत जाऊन बसले. गाडी सुटली. त्यांनी हात केला नाही, आम्हीही केला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आवर्तनाचे अजून दोन दिवस बाकी होते आणि सकाळची पाळी माझी होती. दोन भाकऱ्या आणि खर्डा फडक्यात बांधला, छत्री घेतली आणि दारावर जाऊन बसले. उन्हं वर आली तसा अण्णासाहेबांचा एक गडी बांधावरून आला. गोणपाट त्याच्या खांद्यावर होतं. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबून म्हणाला, "बाई, तुमचं प्रमुख तर गेलं म्हनं. आता इथं कोन हाय?"

मी म्हटलं, "आज मी. उद्या रखमा. तुझं काय काम?"

त्यानं गोणपाट झटकून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आल्या वाटेनं गेला. मी फडकं सोडलं आणि जेवायला बसले.